वाघ दिसला नाही म्हणून कंटाळलेल्या मुलांसाठी

भाऊ, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही नागपूरच्या बेसा भागात चौथ्या मजल्यावर राहता. मुलगा दहा वर्षांचा, मुलगी सहाची, तुम्ही दोघं नवरा-बायको नोकरी करता. मे महिन्यात मुलांना पेंचला सफारीला नेलंत. वाघ दिसला नाही, मुलगा जिप्सीत बसून मोबाइल मागत राहिला आणि धाकटी विचारत होती की आपण वॉटर पार्कला कधी जायचं. मुलाला आफ्रिकेतला कोणता प्राणी किती वेगानं पळतो ते तोंडपाठ आहे, पण इमारतीसमोरचा कडुनिंब ओळखता येत नाही. मुलगी मुंगी दिसली तरी किंचाळते. निसर्गाची ओढ लागावी म्हणून कुठलं शिबिर लावू, पुस्तकं कोणती आणू, दुर्बीण कोणती घेऊ, असं तुम्ही विचारलंत. आणि जाता जाता एक ओळ लिहिलीत, की तुमच्या आई काटोलहून येऊन तुमच्याकडेच राहतात, त्या नातीला कुंडीतल्या मातीत खेळू देतात आणि त्यावरून घरात कुरबूर होते.

मी त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरू करते. नागपुरात २२ वर्षं मी प्राथमिक वर्गांना परिसर अभ्यास शिकवला. निवृत्त झाल्यापासून दर रविवारी सकाळी दहा-बारा मुलांना घेऊन बाहेर बसते, त्यालाही आता सात वर्षं झाली. इतक्या मुलांबरोबर राहून माझं मत पक्कं झालंय की मुलाला निसर्गाची ओढ लागते ती एखाद्या जागेमुळे. ती जागा घरापासून पायी जाण्याइतकी जवळ हवी, तिथं पुन्हा पुन्हा जाता यायला हवं आणि तिथं हात-पाय मळवायची मुभा हवी. तुमच्या मुलीकडे अशी एक जागा आहे, ती कुंडी. आणि तिच्याजवळ बसायला वेळ असलेलं माणूसही घरात आहे.

पेंचला काय झालं ते मुलाच्या बाजूनं पाहा. चार तास गाडीतून उतरायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, आणि सगळ्यांचे डोळे एकाच प्राण्यासाठी लागलेले. जंगलात हे नियम हवेतच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण दहा वर्षांच्या मुलाला त्यात करण्यासारखं काय होतं? अनोळखी घरच्या लग्नाला नेल्यासारखं झालं ते. जेवण उत्तम असतं, मांडव छान असतो, पण कोणाशी बोलावं ते कळत नाही आणि कधी एकदा घरी जातो असं होतं. ओळख आधी व्हावी लागते. तुमचा मुलगा उदासीन नाही, त्याची कोणी ओळख करून दिलेली नाही.

पुढचं सगळं थोडं परिस्थितीवर अवलंबून आहे, ते आधीच सांगते. मुलांना दमा किंवा त्वचेची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारून ठरवा. तुम्हाला रोज बाहेर जाणं जमणार नसेल तर आठवड्यातून दोनदा जा, पण जागा तीच ठेवा. सहा वर्षांच्या मुलीला आणि दहा वर्षांच्या मुलाला एकाच मापानं मोजू नका. तिला माती, पाणी, किडे आणि गोष्ट पुरते. त्याला काहीतरी शोधून काढायचं असतं, मोजायचं असतं, चारचौघांत सांगायचं असतं. दोघांना एकाच कामाला लावलंत तर एक रडेल आणि दुसरा कंटाळेल.

माझी एक चूक सांगते, कारण ती आजही बहुतेक पालक आणि शिक्षक करतात. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी ४२ मुलांना अंबाझरी तलावावर नेलं. प्रत्येकाच्या हातात २० पक्ष्यांच्या नावांचा कागद दिला होता, दिसला की बरोबरची खूण करायची. मुलं धावत होती, एकमेकांच्या कागदात डोकावत होती, तासाभरात सगळ्यांच्या खुणा झाल्या. काहींनी तर न दिसलेल्या पक्ष्यांपुढेही खुणा केल्या होत्या. परत निघताना एक मुलगी रांगेतून मागे राहिली. उकिडवी बसून ती भिंतीच्या आडोशाला कोरड्या मातीत पाहत होती. म्हणाली, "मॅडम, या खड्ड्यात कोन राहते?" बोटभर रुंदीचे, नरसाळ्यासारखे खड्डे होते ते. मी म्हटलं, चल, बस सुटेल.

रात्रभर मला ते डाचत राहिलं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या पत्र्याच्या शेडखाली पाहिलं तर तिथेही तेच खड्डे. मधल्या सुट्टीत त्या मुलीला बोलावलं आणि तिच्याबरोबर जमिनीवर बसले. एक मुंगी काठावरून घसरली. वर चढायला लागली, तर तळातून माती उडाली आणि ती पुन्हा खाली गेली. "मुंगी काऊन घसरून रायली?" मागून कोणीतरी विचारलं. तोपर्यंत आमच्या भोवती पंधरा-वीस मुलं पालथी पडली होती आणि कोणी कोणाला ढकलत नव्हतं. मी काही सांगितलं नाही. एका मुलानं गवताची काडी खड्ड्याच्या कडेला हळूच फिरवली, तळातून दोन वाकडे जबडे वर आले, आणि सगळे एकदम मागे सरकले. ती एक अळी असते. खड्डा करून तळाशी दबा धरून बसते, मुंगी निसटू लागली की डोक्यानं माती उडवते. पुढे तिला पंख फुटतात आणि ती लहानशा चतुरासारखी दिसू लागते. हे मी मुलांना सांगितलं ते तीन आठवड्यांनी, त्यांनी स्वतः एक खड्डा उकरून तिला उलटं चालताना पाहिल्यावर. पक्ष्यांच्या कागदाचं पुढे कोणी नाव काढलं नाही. त्या खड्ड्यांबद्दल मला मोठी झालेली मुलं अजून विचारतात.

तेव्हापासून मी नाव सांगण्याची घाई सोडली. नाव कळलं की मुलाचं पाहणं बहुतेक वेळा तिथंच थांबतं. आधी त्याला विचारा, काय दिसलं? काय करत होतं? काल होतं का? त्यानं स्वतः ठेवलेलं नाव काही दिवस चालू द्या. आमच्या गटात सातभाईंना मुलं दोन महिने "भांडखोर मंडळ" म्हणत होती. खरं नाव कळल्यावर त्यांना तेही आवडलं, कारण कधीच एकटा न दिसणारा पक्षी त्यांनी आधी पाहिला होता.

आता तुमच्या जागेबद्दल. तुमच्या भागातल्या ले-आउटमध्ये अजून बरेच मोकळे प्लॉट आहेत. त्यातला एक निवडा, दहा मिनिटांत पायी पोहोचता येईल असा. सुंदर नसला तरी चालेल. एखादं झाड, थोडी उघडी माती आणि पाणी साचेल असा खोलगट भाग असला की पुरे. आणि आत्ताच जा, पाऊस लागायच्या आधी. विदर्भात शाळा जूनअखेरीस उघडतात, म्हणजे तुमच्या हातात अजून थोडे दिवस आहेत. आपली काळी माती उन्हाळ्यात फाटते. मुलाला एक लांब काडी द्या आणि भेगांची खोली मोजू द्या. काडी कधी कधी हातभर आत जाते. वहीत तारीख घालून आकडा लिहायला सांगा. मृगाच्या दोन-चार सरी पडल्या की पुन्हा तिथंच न्या. भेग बुजलेली असेल. या मातीतले चिकणमातीचे बारीक कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की आक्रसतात. तुमच्या भागातल्या कुंपणाच्या भिंतींना तडे जातात त्यातले बरेचसे याच फुगण्या-आक्रसण्यानं. हे कळल्यावर तो येता-जाता भिंतींचे तडे पाहील, आणि ते कुठल्याही सफारीच्या तोडीचं आहे.

धाकटीच्या भीतीसाठीही हेच दिवस चांगले. पहिल्या पावसानंतर ओल्या मातीवर मृगाचे किडे निघतात, लालभडक, मखमलीचा तुकडा चालत असल्यासारखे. ते चावत नाहीत, उडत नाहीत, अंगावर धावून येत नाहीत. तिला उचलायला लावू नका. तुम्ही आधी एक तळहातावर घ्या आणि तिच्यापासून दोन हातांवर बसा. मूल किड्याकडे कमी आणि आपल्या चेहऱ्याकडे जास्त पाहत असतं. आई दचकली की किडा वाईट, बाबा हसले की किडा बरा, इतका सरळ हिशोब असतो. पाय मोजायला सांगा. आठ निघतील. कीटकाला सहाच असतात, हे मुलाला शाळेतून माहीत असेल, मग दोघांत वाद होईल. तो वाद होऊ द्या. हा प्राणी कोळ्यांच्या गोतावळ्यातला आहे, हे एक-दोन दिवसांनी सांगा. माझ्या अनुभवात भीती "घाबरू नकोस" म्हणून जात नाही. पाय मोजायला, रंग बघायला, कुठे निघाला ते शोधायला लागलं की ती मागे पडते. कोणाला चार दिवस लागतात, कोणाला अख्खा पावसाळा.

कुंडीकडे येते. घरात कढीपत्ता नसेल तर या आठवड्यात आणा, किंवा लिंबाचं रोप आणा. पावसाळ्यात त्याच्या कोवळ्या पानांवर लिंबू फुलपाखरू अंडं घालतं, मोहरीच्या दाण्याहून लहान, फिकट पिवळं, एका ठिकाणी एकच. त्यातून निघालेली अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, तपकिरी आणि वर पांढरा पट्टा. कोणी खाऊ नये म्हणून हे सोंग. दर दोन-तीन दिवसांनी कात टाकते, आणि शेवटच्या वेळी एकदम हिरवीगार होऊन पानात मिसळून जाते. मग तिला काडीनं हळूच स्पर्श केला की डोक्यामागून तांबूस रंगाची दोन शिंगं बाहेर येतात आणि आंबट, उग्र वास सुटतो. हा वास एकदा घेतलेलं मूल तो विसरत नाही. साधारण दोन आठवड्यांत ती कोष करते, स्वतःला रेशमाच्या धाग्यानं काडीला बांधून घेते, आणि पुढच्या आठ-दहा दिवसांत सकाळी फुलपाखरू बाहेर येतं. महिनाभरात एक पूर्ण आयुष्य खिडकीत घडतं. त्यासाठी पेट्रोल लागत नाही, सुट्टी लागत नाही.

पण तुमच्या आईंना ती अळी दाखवलीत तर त्या कदाचित म्हणतील, हिला मारा. त्या काटोलच्या, म्हणजे संत्र्यांच्या भागातल्या आहेत. संत्र्याच्या नर्सरीत हीच अळी कोवळी रोपं बोडकी करते. आमच्या गटात तसंच झालं होतं. एका मुलीनं सगळ्यांसमोर सांगितलं, "आमच्या वावरात हिला चिरडतात." बाकीची मुलं रडवेली झाली. मी त्या मुलीला चूक ठरवलं नाही. बागायतदाराला वर्षभराचं रोप वाचवायचं असतं आणि खिडकीतल्या कढीपत्त्याची चार पानं गेली तरी आपलं काही बिघडत नाही, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मुलांनी त्या दिवशी अर्धा तास वाद घातला आणि शेवटी ठरवलं की कुंडीतली ठेवायची, वावरातलं वावरातल्यांनी पाहायचं. निसर्ग म्हणजे फक्त गोंडस चित्रं, अशी समजूत घेऊन मूल मोठं झालं तर शेतकऱ्याशी त्याचं बोलणंच होणार नाही. आपल्या भागात तर अशा मुलांनी अर्धा विदर्भ पाहिलेलाच नसतो असं मी म्हणेन.

म्हणूनच जमेल तेव्हा काटोलला जा, आणि दोनदा जा. संत्र्याच्या अंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात, तेव्हा बागेत शिरल्याबरोबर वास येतो. तीच फळं ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत तोडायला येतात. मृग बहार पावसाच्या सुरुवातीला फुलतो आणि त्याची संत्री फेब्रुवारी-मार्चकडे मिळतात. फूल पाहिलं त्याच झाडाचं फळ काही महिन्यांनी तोडणं, हे शहरातल्या मुलांच्या वाट्याला जवळजवळ येतच नाही. झाडाला ताण द्यायचा म्हणजे काय, पाणी तोडल्यावर झाड फुलावर का येतं, हे तुमच्या आईंनी सांगितलेलं तुमच्या मुलाला कुठल्याही माहितीपटापेक्षा जास्त पटेल, कारण आजी ते हातवारे करून सांगेल.

आईंकडे आणखी बरंच आहे, ते मागून घ्या. चिंचोके फोडून, दगडावर घासून त्यांचे फासे करून अष्टाचंगा खेळणं, सागरगोटे, गुलमोहराच्या केसरांची टोकं एकमेकांत अडकवून "कोंबड्यांची झुंज" लावणं. या खेळांसाठी मूल आपोआप झाडाखाली जातं आणि बी, फूल, काडी निवडायला शिकतं. कोणता चिंचोका सरळ फुटेल ते त्याला हाताळून कळतं. मी शाळेत झाडांचे भाग शिकवताना गुलमोहराचं फूल आधी झुंजीला द्यायचे आणि नंतर फळ्यावर काढायचे. उलट क्रमानं केलं की निम्मा वर्ग खिडकीबाहेर पाहत असायचा.

आणि पळस. शहराच्या कडेला, पडीक जागी, रेल्वेरुळाच्या बाजूला पळस असतोच. "पळसाला पाने तीन" ही म्हण तुमच्या मुलानं ऐकली असेल. त्याला मोजून खात्री करू द्या, आणि ती तीन वेगळी पानं आहेत की एकाच पानाचे तीन भाग, हे देठाशी पाहू द्या. वर्षभर हेच झाड धरा. आता त्याला नवी पानं आहेत, आईंना पत्रावळ किंवा द्रोण टाचून दाखवायला सांगा. श्रावण संपताना पोळा येतो. आपल्याकडे आदल्या दिवशी बैलाची खांदशेकणी करतात, म्हणजे जू ओढणारा त्याचा खांदा शेकतात, ती पळसाच्या पानानं, आणि पोळ्याला दारात पळसाच्या फांद्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी मुलीच्या हातात तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल असेल. त्याच दिवशी महालाच्या, इतवारीच्या गल्ल्यांतून पिवळी आणि काळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते आणि "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" असा पुकारा होतो. लाकडी बैल हातात देण्याआधी मुलीला खरा बैल दाखवा, त्याच्या खांद्यावरचा घट्टा दाखवा. मग शेकणं कशासाठी, हे तिला सांगावं लागणार नाही. माघ-फाल्गुनात पळस पानं टाकून केशरी होतो. तेव्हा झाडाखाली नुसतं बसायचं आणि मैना, शिंजीर, कावळे, कोण कोण मध प्यायला येतं ते पाहायचं. खाली पडलेली फुलं वेचून रात्रभर पाण्यात भिजवली की धुळवडीचा रंग तयार. एका झाडात सण, जेवण, रंग, पक्षी सगळं येतं, आणि मुलाच्या मनात ते एकमेकांना जोडलं जातं.

मोठ्या मुलासाठी एक काम मुद्दाम राखून ठेवा, पाण्याचा माग. घरात येणारं पाणी कुठून येतं, नळ, बोअर की टँकर, हे त्याला चौकीदाराकडून काढू द्या. चौकीदार मंडळी बहुतेक खेड्यातून आलेली असतात. मोह कधी पडतो, तेंदूची पानं कधी तोडतात, हे ते मुलाला असं सांगतात की ऐकत राहावं, पण सोसायटीत त्यांना हे कोणी विचारत नाही. नागपूरच्या नळांचं बरंचसं पाणी पेंच प्रकल्पातून येतं, बाकीचं कन्हान नदीतून आणि थोडं गोरेवाड्यातून. म्हणजे ज्या पेंचमध्ये तुमचा मुलगा कंटाळला, तिथल्या जंगलातून वाहत आलेलं पाणी शहर पितं. हे त्याला आधीच सांगून टाकू नका. नकाशावर बोट ठेवत त्याला तिथवर पोहोचू द्या. वापरलेलं पाणी कुठे जातं, हा पुढचा प्रश्न. मुलं नाग नदीला नाला म्हणतात. मोठी माणसंही म्हणतात. ती लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांकडून निघते, अंबाझरीतून शहरात येते आणि पूर्वेला कन्हानला मिळते, शहराला नाव तिनं दिलं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी ओसंडला आणि नाग घराघरांत शिरली. माझ्या गटातल्या दोन मुलांच्या घरात पाणी होतं. पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःच विचारलं की नदीला जायला जागा कुठे होती आणि आता तिथं काय आहे. आम्ही पुलावर उभं राहून ते पाहिलं.

सरळ कडांच्या बरणीला मोजपट्टी चिकटवून गच्चीत पर्जन्यमापक करता येतो. रोज सकाळी आठला आकडा लिहायचा आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातल्या आकड्याशी ताडून पाहायचा. आकडे जुळणार नाहीत, कारण बेशात पडतो तो पाऊस वेधशाळा आहे त्या सोनेगावला पडेलच असं नाही. नागपुरात वर्षाला साधारण हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस होतो. तुमच्या गच्चीवर किती झाला, हे फक्त तुमच्या मुलाला माहीत असेल. या वयात ही मालकी फार मोठी वाटते.

दगडांचा नाद लागला तर तोही पुरवा. सीताबर्डीची टेकडी आणि सेमिनरी हिल्स काळ्या बेसाल्टच्या, लाव्हा थंड होऊन झालेल्या. ईशान्येला कामठीकडे गेलं की वाळूचा खडक लागतो, हाताला खरखरीत. एकाच शहरात दोन्ही दगड हातात घेता येतात. आमच्या गटातल्या एका मुलानं दोन वर्षं दुसरं काही केलं नाही.

एक गोष्ट टाळा. या वयात मुलांपुढे जंगलं संपली, प्राणी संपले, पृथ्वी तापली, हे सारखं मांडू नका. ते खरं आहे आणि मलाही त्याची झोप उडवणारी काळजी वाटते. पण सहा वर्षांच्या मुलीच्या हातात त्यावर काही उपाय नसतो. उपाय नसलेली भीती मूल दूर ढकलतं, आणि भीतीबरोबर झाडालाही ढकलतं. शाळेत पर्यावरण दिनाला घोषवाक्यं रंगवणारी मुलं मी पाहिली आहेत, फलक धरून ती मैदानातल्या रोपट्यावरून चालत गेली. आधी एका झाडावर जीव जडू द्या. ते कापायला कोणी आलं तर दहा वर्षांचा मुलगा काय करतो, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यानं कोणाला न विचारता नगरसेवकाला पत्र लिहिलं होतं.

तुम्हाला वाटेल की हा सगळा अभ्यासाव्यतिरिक्तचा पसारा आहे. तसं नाही. आपल्याकडून ७५ किलोमीटरवर वर्ध्याला १९३७ साली गांधीजींच्या पुढाकारानं शिक्षण परिषद भरली. मुलानं हातानं काम करत, आपल्या परिसरातून शिकावं, हा नई तालीमचा विचार तिथं मांडला गेला. आपल्या प्राथमिक वर्गांच्या विषयाचं नावच परिसर अभ्यास आहे. मुलाच्या पुस्तकातला एखादा धडा घ्या, पाण्याचा, मातीचा किंवा नकाशाचा, आणि तो तुमच्या प्लॉटवर बसून वाचा. शिक्षकांशीही बोला, तक्रारीच्या सुरात नको. "आमच्याकडे एवढ्या पावसाची नोंद आहे, वर्गात दाखवू का?" असं मुलानंच विचारलं तर बहुतेक शिक्षकांना आनंद होतो. मला तरी व्हायचा.

सुरक्षिततेचं मी हलक्यात घेत नाही. उन्हाळ्यात सकाळी सहा ते आठ किंवा सूर्य कलल्यावरच, ४५ अंशांत मुलांना बाहेर नेणं धोक्याचं आहे. पावसाळ्यात बंद बूट घाला, आणि डोळ्यांना दिसत नाही तिथं हात घालायचा नाही, हा नियम पाठ करून घ्या. नाग, घोणस, मण्यार आपल्याकडे आहेत. दंश झाला तर बांधाबांध, चिरणं, झाडफूक काही न करता थेट सरकारी रुग्णालय, तिथं सर्पविषावरचं प्रतिविष असतं. तलावाच्या काठावर मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं, अपवाद नाही. गाजर गवतात खेळू देऊ नका, अंगाला खाज सुटते. धोत्रा, कण्हेर, गुंज ओळखायला शिकवा आणि विचारल्याशिवाय काहीही तोंडात घालायचं नाही. कुंडीतल्या मातीनं मात्र घाबरू नका. खेळून झालं की साबणानं हात धुवायचे, नखं कापलेली ठेवायची, जंताचं औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानं द्यायचं. घरातली कुरबूर एवढ्यानं मिटावी.

शिबिराचं विचारलंत. लावायचं असेल तर आयोजकांना दोन गोष्टी विचारा. एका ठिकाणी मुलं सलग किती वेळ थांबतात? आणि काही न ठरवलेला मोकळा वेळ किती? दर अर्ध्या तासाला नवा कार्यक्रम असेल तर ते पैसे काटोलच्या एसटीला वापरा. त्याऐवजी तुमच्या ले-आउटमधली तीन-चार घरं एकत्र आणा. मुलांना मुलं लागतात, आणि पालकांना आळीपाळीनं वेळ काढता येतो.

पुस्तकं सध्या थांबू द्या, कोऱ्या पानांची वही घ्या. दुर्बीणही एवढ्यात नको, लहान मुलांना त्यातून नीट पाहता येत नाही आणि वस्तू महाग म्हणून आपणच सारखं "सांभाळ, सांभाळ" करतो. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग आणा, दोरी बांधून गळ्यात अडकवता येईल असं. ते मुलांना देऊ नका, आधी आईंना द्या. कढीपत्त्याशी बसून त्या त्यातून काय पाहतायत, हे विचारायला दोघंही पाच मिनिटांत त्यांच्या मांडीशी येतील.